"सर, प्लीज ना सर" च्या पलीकडे : बुडालेली टेस्ट, अर्धं जर्नल आणि पुन्हा एक संधी

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूमबाहेर चारपाच मुलं हमखास घुटमळत असतात. एक आत जातो, "सर, प्लीज ना सर" म्हणतो, दोन मिनिटांत तोंड पाडून बाहेर येतो. बाहेरच्यांचा निकाल तयारच असतो: सर खडूस आहेत. असतीलही. पण त्या आठवड्यात सरांच्या टेबलावर मार्कांच्या याद्या पडलेल्या असतात, परीक्षा विभागाचा दोनदा फोन येऊन गेलेला असतो, आणि समोरच्या मुलाला "हो" म्हटलं तर उद्या कोणी "का हो म्हटलंत?" असं विचारल्यावर दाखवायला हातात काहीच नसतं. हे दाखवायचं काहीतरी आपण आणून द्यायचं. मन वळवण्यातलं निम्म्याहून अधिक काम तिथेच होतं.

इथे डोळ्यासमोर आहेत ती मुलं अकरावी-बारावीची आणि पदवीची: क्लास टेस्ट बुडालेली, जर्नल म्हणजे प्रयोगवही तपासून न घेतलेली, असाइनमेंटची तारीख उलटलेली किंवा हजेरी कमी असलेल्यांच्या डिफॉल्टर यादीत नाव आलेली.

हे सरांच्या हातात आहे का?

चुकीच्या माणसाकडे नीट शब्दांत मागितलं तरी काही मिळत नाही. क्लास टेस्ट, ट्यूटोरियल, असाइनमेंट, प्रोजेक्ट या गोष्टी विषयशिक्षकांच्या हातात असतात, पण मार्क परीक्षा विभागाकडे जाईपर्यंतच. एकदा ते पोर्टलवर भरून पक्के झाले की सरांचं मन द्रवलं तरी यादी उघडत नाही. म्हणून पहिली चौकशी ही: "या विषयाचे अंतर्गत मार्क कधी भरायचे आहेत?" ती तारीख विभागाच्या कारकुनाला किंवा लॅब असिस्टंटला ठाऊक असते. तुमची खरी मुदत तीच.

जर्नलच्या पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावर विषयशिक्षकांची सही लागते, विभागप्रमुखांची सही लागते आणि विभागाचा शिक्का लागतो. सर्टिफाय न झालेलं जर्नल घेऊन प्रॅक्टिकल परीक्षेला बसायला गेलं की दारातच अडकायला होतं. त्यामुळे इथे दोन माणसं राजी व्हावी लागतात, आणि विषयशिक्षकांना वगळून थेट विभागप्रमुखांकडे गेलात तर ते पहिलं विचारतात, "सरांना भेटलास का?"

हजेरीचा मामला उपप्राचार्य किंवा प्राचार्यांपर्यंत जातो. विषयशिक्षक फार तर शिफारस करतात.

बारावीच्या बोर्डाची प्रॅक्टिकल बुडाली असेल तर ती कॉलेजच्या सरांनी परस्पर पुन्हा घ्यायची गोष्टच नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांत लेखी ७० आणि प्रॅक्टिकलचे ३० अशी विभागणी असते आणि ते ३० बोर्डाच्या वेळापत्रकाने होतात. आजारपणासारखं सबळ कारण असेल तर लेखी परीक्षेनंतर 'आउट ऑफ टर्न' परीक्षा होते, पण त्यासाठी कॉलेजमार्फतच बोर्डाकडे जावं लागतं. इथे सरांकडे मागायचं ते एवढंच: "माझं नाव आउट ऑफ टर्नसाठी पाठवाल का?" आणि हे त्याच दिवशी मागायचं.

विद्यापीठाच्या लेखी पेपरात मार्क कमी पडले असतील तर सरांपुढे हात जोडणं व्यर्थ आहे. तिथे रीव्हॅल्युएशन म्हणजे पेपरची फेरतपासणी आहे, एटीकेटी म्हणजे पुढच्या वर्गात जाऊन राहिलेला विषय सोडवायची सोय आहे. "सर, दोनच मार्क वाढवा" ही विनंती ज्यांच्याकडे केली जाते त्यांनी तो पेपर बहुधा पाहिलेलाही नसतो.

आणखी एक, कारण यात मुलं उगाच अपराधी होऊन जातात. एनसीसीचा कॅम्प, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा अशा कामासाठी कॉलेजनेच पाठवलं असेल तर ती दयेची याचना नाही. जाण्याआधी पत्र घ्यायचं, परत आल्यावर त्याची प्रत द्यायची आणि सरळ विचारायचं, "माझी टेस्ट कधी घ्याल?"

जाण्याआधी काम पूर्ण करा

"चार दिवस द्या, पूर्ण करून आणतो" आणि "पूर्ण करून आणलंय, तपासाल का?" या दोन वाक्यांतलं दुसरं दहापट सोपं पचतं. पहिल्यात सरांना तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो, आणि तुमचा शब्द तर नुकताच एकदा मोडलाय. दुसऱ्यात फक्त पेन उघडायचं असतं.

जर्नलचंच घ्या. दहापैकी सहा प्रयोग तपासलेले आणि चार राहिलेले, अशी अवस्था धरू. आकृती, निरीक्षण तक्ता, आकडेमोड आणि आलेख धरून एका प्रयोगाला पाऊण ते एक तास लागतो. म्हणजे काम दोन संध्याकाळचं. अडतं ते रीडिंगपाशी. मित्राचं जर्नल समोर ठेवून रीडिंग उतरवणं ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लवकर पकडली जाणारी चूक आहे. मीटर ब्रिजच्या प्रयोगात त्याचा नल पॉइंट (काटा शून्यावर येतो ती जागा) ४८.३ सेंटिमीटरला आणि तुमचाही नेमका ४८.३ ला, पुढची चारही रीडिंग मिलिमीटरपर्यंत तीच; तीस जर्नलं तपासलेल्या नजरेला हे लगेच खटकतं. त्याने एका ठिकाणी भागाकार चुकवलेला असेल तर तीच चूक तुमच्याकडेही येते आणि मग बोलायला काही उरतच नाही. त्याऐवजी लॅब असिस्टंटना विचारा: "काका, मंगळवारच्या बॅचबरोबर उभा राहून रीडिंग घेऊ का?" सरांची परवानगी लागेल असं ते म्हणाले, तर सरांकडे जायला तुम्हाला एक छोटं, सहज मान्य होईल असं काम मिळालं. आधी हे लहान "हो" मिळवा, मोठं नंतर.

तारीख मात्र खरी घाला. अनुक्रमणिकेत तारखेचा आणि सहीचा रकाना शेजारीशेजारी असतात. ऑगस्टची तारीख आणि डिसेंबरची ताजी शाई एकत्र दिसली की सरांना वाटतं, आपल्याला वेड्यात काढतोय.

हजेरीसाठी आकडा घेऊनच जा. बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांची अट असते. समजा आतापर्यंत ४८ तास झाले आणि तुम्ही ३३ ला होता, म्हणजे ६८.७५ टक्के. सत्रात एकूण ६० तास होणार असतील तर उरलेले १२ च्या १२ बसल्यावर ४५ होतात: बरोबर ७५. हा हिशेब कागदावर मांडून "एकही तास बुडवणार नाही, तोवर डिफॉल्टर यादीत नाव घालायचं थांबाल का?" असं विचारलं तर त्यात वजन असतं. ३३ ऐवजी ३२ असतील तर सगळे तास बसूनही ७३.३३ वरच थांबता. मग तो एक तास कुठून भरून निघेल, आजारपणाच्या दिवसांतून की कार्यक्रमाच्या ड्यूटीतून, हे आधीच शोधून ठेवायचं.

कागद

आजारपणाला पुरावा म्हणून डिस्चार्ज कार्ड किंवा सरकारी दवाखान्याचा केसपेपर सगळ्यात चांगला. नुसतं मेडिकल सर्टिफिकेट असेल तर त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि किती दिवस विश्रांती सांगितली होती ते हवं. कॉलेजजवळच्या कोणत्या दवाखान्यात असं सर्टिफिकेट चहाच्या वेळात मिळतं हे स्टाफरूमला पाठ असतं. शिवाय ज्या दिवशी अंथरुणाला खिळलो होतो म्हणून लिहिलंय त्या दिवशीची लोणावळ्याची इन्स्टाग्राम स्टोरी वर्गातल्या दोनशे डोळ्यांनी पाहिलेली असते. खोटा कागद सापडला की विषय टेस्टचा राहत नाही, शिस्तीचा होतो.

कारण घरातलं असेल आणि चारचौघांत सांगण्यासारखं नसेल तर सगळं सांगायची सक्ती नाही. "घरगुती अडचण होती, सविस्तर फक्त तुम्हाला सांगते" एवढं पुरतं. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकमुळे आता बहुतेक ठिकाणी प्रत्येक मुलामागे एक मेंटॉर नेमलेला असतो. पुष्कळ मुलांना आपला मेंटॉर कोण हेही माहीत नसतं. त्या मॅडमना किंवा सरांना आधी सांगितलं तर विषयशिक्षकांशी ते बोलतात आणि तपशील तुम्हाला पुन्हा उगाळावा लागत नाही.

केव्हा गाठायचं

चूक झाल्यापासून दोन दिवसांच्या आत. आठवड्याने गेलात तर पहिला प्रश्न "इतके दिवस काय करत होतास?" हाच येणार. तास संपल्यावर वर्गाच्या दारात गाठू नका. सर पुढच्या तासाला निघालेले असतात आणि मागे वीस मुलं ऐकत असतात. सगळ्यांसमोर दिलेली सवलत सगळ्यांची होते, म्हणून सगळ्यांसमोर नकारच मिळतो. विभागाबाहेर वेळापत्रक लावलेलं असतं, त्यात सरांचा मोकळा तास बघा. सकाळी पहिल्या तासाआधी नको. डबा खाताना तर नकोच.

एकट्यानेच जा. तिघांनी मिळून गेलं की ते शिष्टमंडळ होतं, आणि शिष्टमंडळाला नियम ऐकवले जातात.

काय बोलायचं

चाणक्याच्या चार उपायांपैकी इथे फक्त 'साम' चालतो. तोही थोडक्यात:

"मे आय कम इन, सर?"

"बोल."

"सर, एसवाय बीएस्सी, रोल नंबर ४७. सोमवारची असाइनमेंट मी दिली नाही. शेवटच्या रात्रीवर ढकलली आणि झाली नाही, चूक माझीच आहे. आता पूर्ण करून आणलीय. उशिराबद्दल मार्क कापलेत तरी चालेल, पण तपासाल का?"

अर्ध्या मिनिटाचं बोलणं आहे. रोल नंबर सुरुवातीला, कारण शंभर-सव्वाशेच्या वर्गात नाव आठवेलच असं नाही आणि सरांच्या यादीत रोल नंबरच असतो. मग काय चुकलं ते, न विचारता. मग काम झाल्याचं. मग किंमत मोजायची तयारी. आणि शेवटी "हो" किंवा "नाही" म्हणता येईल असा एक प्रश्न. यानंतर गप्प बसायचं. अवघड हेच जातं. सर यादी बघत असतात, पंखा फिरत असतो, आणि त्या शांततेला घाबरून मुलं बोलायला लागतात: "म्हणजे सर, खरं तर लाइट पण गेली होती, आणि लॅपटॉपला पण..." इथे चांगली चाललेली बाजू पडते. एक कारण ऐकून घेतलं जातं. तीन कारणं एकमेकांना खोटं पाडतात.

"माझं वर्ष वाया जाईल, सर" हे वाक्य टाळा. ते खरं असलं तरी त्यात ओझं सरांच्या डोक्यावर टाकल्यासारखं होतं. त्याऐवजी आकडा सांगा: "सर, २० पैकी ६ आहेत, पास व्हायला ८ लागतात." दोन मार्कांचा प्रश्न आहे हे कळलं की सर स्वतःच वाट शोधू लागतात, एखादी तोंडी परीक्षा, एखादं जादा ट्यूटोरियल. रडू आलं तर आलं, त्यात लाजायचं काही नाही. पाणी प्या आणि वाक्य पूर्ण करा. ठरवून काढलेलं रडू मात्र ओळखू येतं.

दुसऱ्याकडे बोट दाखवू नका. "तिचं तर घेतलंत" हे तुमच्या दृष्टीने न्यायाचं बोलणं असतं, सरांच्या कानाला तो आरोप लागतो. तिचं कारण तुम्हाला माहीत नसतं, आणि ते सर तुम्हाला सांगूही शकत नाहीत.

अडवणारी वाक्यं

"तुला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल." यावर मुलं हमखास म्हणतात, "मी कोणाला सांगणार नाही, सर." हे सर्वांत वाईट उत्तर. त्यात सर आपल्या लबाडीत सामील झाल्यासारखे होतात. "सर, माझ्याकडे डिस्चार्ज कार्ड आहे, ते जोडून अर्ज देतो" हे उत्तर योग्य, कारण तसं कार्ड नसलेल्यांना नाही म्हणायची सोय त्यात आपोआप येते. कागद नसेल तर अट स्वतःहून कडक करा: "वेगळा पेपर द्या, किंवा तोंडी घ्या. निम्म्या मार्कांवर धरलीत तरी चालेल." निम्म्या मार्कांसाठी अख्खा वर्ग रांग लावत नाही, हे सरांनाही कळतं.

"नियमात बसत नाही." वाद घालू नका. "मग नियमात राहून मी काय करू शकते, मॅडम?" असं विचारा. पुष्कळदा उत्तर निघतं: पुढच्या टेस्टचे मार्क धरता येतील, किंवा दोनपैकी चांगली एकच मोजतात.

"बघू." हा आपल्याकडचा खास शब्द. "हो" ही नाही आणि "नाही" ही नाही. इथे आभार मानून निघून गेलात तर बहुतेक वेळा तो "नाही" च ठरतो. "सर, गुरुवारी तुमच्या मोकळ्या तासाला येऊ का?" असं विचारा, वार पक्का करून घ्या, आणि गुरुवारी खरंच जा.

"एचओडींना विचार." एचओडी म्हणजे विभागप्रमुख. या उत्तराचा अर्थ सरांचा स्वतःचा विरोध नाही, जबाबदारी वाटून हवीय. "तुमची हरकत नाही असं त्यांना सांगू का, सर?" हे विचारूनच पुढे जा.

अर्ज

तोंडी "हो" मिळालं तरी अर्ज द्या. त्या कागदामुळेच सरांना पुढे कोणी जाब विचारला तर उत्तर देता येतं. अर्धं पान पुरे:

प्रति,
मा. विभागप्रमुख, भौतिकशास्त्र विभाग
मार्फत : विषयशिक्षक

विषय : अंतर्गत चाचणी क्र. १ पुन्हा देण्याची परवानगी मिळण्याबाबत

महोदय,
मी (पूर्ण नाव), द्वितीय वर्ष बीएस्सी, तुकडी अ, रोल नं. ४७. दि. १२ ऑगस्ट रोजी झालेल्या चाचणीस मी उपस्थित राहू शकलो नाही. डेंग्यूमुळे मी दि. ९ ते १४ ऑगस्ट या काळात रुग्णालयात दाखल होतो. डिस्चार्ज कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. चाचणीसाठी नेमलेले घटक १ व २ मी पूर्ण केले आहेत. दि. २५ ऑगस्टपर्यंत आपण सांगाल त्या दिवशी चाचणी देण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

आपला विद्यार्थी,
(सही व दिनांक)

"काही अपरिहार्य कारणास्तव" हे शब्द यात कुठेही नकोत. ते वाचलं की कारण नाहीच असं धरलं जातं. दोन प्रती काढा, दुसरीवर पोच म्हणून सही-तारीख घ्या. अर्ज देऊन आठवडा झाला आणि कागद कुठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही, असं होतंच. तेव्हा ती पोच कामाला येते.

व्हॉट्सॲपवर मागणी करायची नाही, फक्त वेळ मागायची: "नमस्कार मॅडम, एसवाय रोल नं. ४७. चुकलेल्या असाइनमेंटबद्दल उद्या भेटायचं होतं. किती वाजता येऊ?" वर्गाच्या ग्रुपवर नाही, रात्री अकराला नाही. निळी टिक आली म्हणून लगेच फोनही नाही.

आईबाबांना नेण्याची वेळ दोनदाच येते: आजारपण किंवा घरातली अडचण त्यांनीच सांगायला हवी तेव्हा, आणि कॉलेजनेच पालकांना बोलावलं असेल तेव्हा. त्यांना आधी सगळं खरं सांगा. स्टाफरूममध्ये "हा तर रोज कॉलेजला जातो" असं वडील म्हणाले आणि सरांनी हजेरीपट उघडला, तर त्या दिवशी संधी राहते बाजूला. नगरसेवकाचा, संस्थेच्या ट्रस्टींचा फोन लावायचा मोह होतो. काम होतंही कधीकधी. मात्र पुढचे दोन वर्षं त्याच विभागात तोंडी परीक्षा द्यायच्या असतात.

नक्कल पकडली गेली असेल तर

विद्यापीठाच्या परीक्षेत कॉपी सापडली तर प्रकरण समितीकडे जातं, तिथे सरांना गाठून उपयोग नाही. असाइनमेंट मात्र मित्राची उतरवलेली किंवा चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली निघाली, तर सावरता येतं. अट एकच, पहिल्याच वाक्यात कबुली. "थोडा रेफरन्स घेतला होता" ही कबुली नव्हे. "मी लिहिली नव्हती, सर. त्याच विषयावर हाताने लिहून आणलीय, त्यावर काहीही विचारा." इथे तोंडी परीक्षेची तयारी स्वतःहून दाखवणं हाच एक उपाय, आणि ती द्यायची म्हणजे लिहिलेला प्रत्येक शब्द कळलेला हवा. प्रस्तावनेत 'प्रतिमान' लिहिलंय आणि "म्हणजे काय रे?" वर डोकं खाजवलंत, तर तिसरी संधी नसते.

नाही म्हणाले तर

"ठीक आहे सर. पुढच्या टेस्टला काय लक्षात ठेवू?" असं विचारून निघा. नकारानंतर शांतपणे गेलेल्या मुलाला दारातून परत बोलावल्याचं स्टाफरूममध्ये अधूनमधून दिसतं. आवाज चढवलेल्याला नाही. विभागप्रमुखांकडे जायचं असेल तर सरांना सांगून जा.

नकार पक्षपाती असेल, म्हणजे तसाच कागद दिलेल्या दुसऱ्याला संधी मिळाली आणि तुम्हाला कारण न देता नाकारली, तर तो विनंतीचा विषय उरत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनुसार महाविद्यालयांत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिने तक्रार मिळाल्यापासून १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथे अर्जाची ती पोच पहिली मागतात.

हो म्हणाले तर

ठरलेल्या वेळेआधी दहा मिनिटं पोचा; कोरे कागद, ग्राफ पेपर, कॅल्क्युलेटर स्वतःचं न्या. प्रश्नपत्रिका वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका, सरांनी ती तुमच्यासाठी वेगळी काढलेली असते. आणि टेस्ट झाली म्हणजे काम झालं असं समजू नका. यादी आधीच टाइप झालेली असते, तुमच्यापुढे 'गैरहजर' छापलेलं असतं आणि सरांकडे अजून पाच तुकड्या असतात. मार्क भरायच्या तारखेच्या दोन दिवस आधी एकदा जाऊन विचारा, "सर, ४७ पुढे मार्क चढले ना?"